मान वर कोण करणार?

"हात हलवू नका."

"नाही हलवत."

"हलतायत. बोटं बघा तुमची."

विजयानं ईसीजीचं यंत्र बंद केलं आणि कागदाची पट्टी उजेडात धरली. लाल चौकटींवर हृदयाचे ठोके म्हणून जे काही उमटलं होतं, ते पाहून कुठल्याही डॉक्टरनं पेशंटला तडक भरती करून घेतलं असतं. पेशंट मात्र ठणठणीत होता. नोकरीच्या मेडिकलसाठी आलेला, सत्तावीस वर्षांचा, केस कॉलरवर रुळणारे, छातीवर रबरी फुगे चिकटवलेले... आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर अखंड टकटक करणारी. फाइलीवर 'लक्ष्मीकांत सामंत, आचरे' असं वाचलं म्हणून तर ती मराठीत बोलत होती. कुवेतच्या त्या सरकारी इस्पितळात दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं अरबी बोलून तिची जीभ दमून जायची.

"तिसरी पट्टी वाया गेली," ती म्हणाली. "काय वाजवताय एवढं?"

"ऐकू आलं तुम्हाला?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? सुई सांगतेय की."

तो ओशाळला. "एक गाणं आहे. अमेरिकेत कुठल्याशा मैदानावर, हजारो माणसांपुढं वाजवलेलं. म्हणजे गाणं तसं तीन मिनिटांचंच. पण मध्येच ते लोक शब्द सोडून देतात आणि नुसते वाजवत सुटतात. आधी ठरवलेलं काही नाही, ज्याला जे सुचेल ते. एकूण सव्वीस मिनिटं. मी आत्ता अकराव्यात होतो."

"गाणं आहे की ऑपरेशन?"

तिनं यंत्र पुन्हा लावलं, पण लक्ष्मीकांत खो खो हसला आणि चौथी पट्टीही वाया गेली. बाहेर अकरा माणसं रांगेत होती. विजयानं चेहरा शक्य तितका कडक केला, त्याचे दोन्ही हात त्याच्याच अंगाखाली दाबायला लावले आणि पाचवी पट्टी काढली. ती छान आली, फक्त ठोके जरा जलद होते. हे हसण्यामुळं, असं तिनं स्वतःला समजावलं.

ही गोष्ट १९७८च्या ऑक्टोबरातली. चार दिवसांनी स्वारी पुन्हा ईसीजीच्या खोलीच्या दारात हजर. मेडिकल पास झालं होतं, शिक्का बसला होता, इस्पितळात यायचं काही म्हणजे काही कारण नव्हतं. हातात एक कॅसेट होती.

"ही ऐका. फक्त मध्ये थांबवू नका."

"आणि कंटाळा आला तर?"

"येईल. सातव्या मिनिटाला सगळ्यांनाच येतो. तो येऊ द्यायचा... आणि बसून राहायचं. पुढं गंमत आहे."

स्वतःच्या मालाची अशी जाहिरात करणारा माणूस विजयानं आजवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी तिनं हॉस्टेलच्या खोलीत टेपरेकॉर्डर लावला. कुणीतरी गर्दीत उभं राहून चोरून भरलेली ती टेप असावी, कारण गाण्याइतकीच माणसंही ऐकू येत होती. कुणी आरोळ्या ठोकत होतं, कुणी कुणाला हाका मारत होतं. सातव्या मिनिटाला तिला खरोखरच कंटाळा आला. ती उठून केस विंचरू लागली. आणि मग... फणी केसांतच राहिली. सव्वीस मिनिटं संपली तेव्हा तिनं कॅसेट मागं फिरवली आणि पहिल्यापासून लावली. शेजारच्या पलंगावरच्या मल्याळी सिस्टरनं डोक्यावर उशी दाबून घेतली.

कॅसेट परत न्यायला तो आला, तेव्हा विजया तयारच होती. "चौदाव्या मिनिटाला कुणीतरी खोकतंय."

"हो, तो रेकॉर्ड करणाराच असणार."

"आणि एकोणिसाव्या मिनिटाला तो ऑर्गनवाला चुकतो. नको तिथं बोट पडतं त्याचं. मग काय करतो, तर तेच बोट मुद्दाम पुन्हा टाकतो. तिसऱ्यांदा टाकलं की बाकीचे सगळे त्याच्या मागं जातात."

लक्ष्मीकांत तिच्याकडे बघतच राहिला. "पाच वर्षं ऐकतोय मी हे. ती चूक आहे?"

"चूकच. माझे बाबा मिरजेला शाळेत संगीत शिकवतात. पेटीवर माझं बोट चुकलं की मी हात मागं घ्यायची, आणि बाबा ओरडायचे, पळू नको, तिथंच उभी राहा."

"तुम्ही पेटी वाजवता?"

"वाजवायची."

"शुक्रवारी... मोकळ्या असता?"

तर अशी विजया राईला जाऊ लागली. राई म्हणजे कुवेतमधला गॅरेजं, शोरूम आणि गोदामांचा भाग. तिथल्या गाद्यांच्या एका गोदामात रत्नागिरीचा हमीद स्टोअरकीपर होता आणि तोच ड्रमही वाजवायचा. जुम्याची नमाज आटोपून तो आणि त्याची बायको रहिमा पिकअपमधून हॉस्टेलच्या दारात येत, विजयाला घेत आणि गोदामात आणून सोडत. छतापर्यंत रचलेल्या गाद्या सगळा आवाज पिऊन टाकायच्या, त्यामुळं शेजारच्या गॅरेजवाल्याची कधी तक्रार आली नाही. बेस गिटार वाजवायला लातूरचा शत्रुघ्न होता, जो महिन्यातून चार शब्द बोलायचा. रहिमा एखादी गादी खाली ओढून पाचव्या मिनिटाला गाढ झोपायची आणि संपलं की उठून "मस्त झालं" म्हणायची.

लक्ष्मीकांत एसी दुरुस्त करायचा. त्याआधी तो गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करत असे. तिथंच एका लांब केसांच्या अमेरिकन माणसानं त्याला गिटार शिकवली आणि घरी परतताना ती कॅसेट मागं ठेवली. विजयासाठी त्यानं जुन्या बाजारातून एक इलेक्ट्रिक ऑर्गन शोधून आणला होता. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या.

"नियम एकच," त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. "एकदा शब्द सोडले की कुणी कुठंही जावं. पण परत गाण्यावर यायचं असेल तर मान वर करायची आणि समोरच्याकडे बघायचं. त्यानंही बघितलं की दोघांनी मिळून गाणं धरायचं, की संपलं."

"आणि त्यानं बघितलंच नाही तर?"

"तर चालू राहतं."

पहिले दोन शुक्रवार विजया बुजली. बाबांच्या पेटीवर तिला कुठं जायचं ते माहीत असायचं. इथं कुणी काही सांगतच नव्हतं! मग एकदा तिचं बोट चुकलं, ती तिथंच उभी राहिली, आणि गिटार सुर्रकन वळून तिच्या शेजारी येऊन चालू लागली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की हॉस्टेलवर परतल्यावर तिनं मल्याळी सिस्टरला उगाचच मिठी मारली.

"तुम्ही फार लवकर बघता माझ्याकडे," लक्ष्मीकांत एकदा म्हणाला.

"मग काय अर्धा तास बघूच नको?"

"बघा ना... पण संपवायचं असेल तेव्हाच. नाहीतर मी चुकतो."

"मी बघितलं की चुकता?"

"म्हणजे... वाजवण्यात."

"मी पण वाजवण्याचंच म्हणतेय," विजया म्हणाली आणि मुक्या पट्ट्यांपैकी एकीवर गंभीरपणे बोट दाबून बसली.

हमीदनं खोकला आल्याचं ढोंग केलं. गोदामात काय चाललंय ते त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. शत्रुघ्नला कळलं होतं. झोपलेल्या रहिमालाही कळलं होतं. फक्त लक्ष्मीकांतला ते सांगता येत नव्हतं. तोंडानं सुरुवात तो फक्कड करायचा, अडचण पुढं यायची.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पाऊस आला. कुवेतचा पाऊस म्हणजे चार थेंब आणि त्यांचं भलतंच कौतुक. सगळे गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले. ओल्या वाळूचा वास आत आला. पत्र्यावर टिपटिप वाजत होतं आणि लक्ष्मीकांत तिच्या इतक्या जवळ उभा होता, की त्याच्या शर्टाच्या बाहीचा स्पर्श तिच्या कोपराला होत होता.

"विजया," तो हळूच म्हणाला. "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

"म्हणजे असं बघा... आमच्या आचऱ्याला पाऊस लागला की समुद्राचा आवाज घरात येतो. तिथल्या खाऱ्या हवेनं ना, सगळं गंजतं. एसीचे कॉइल तर दोन वर्षांत जातात. तुम्हाला सांगतो, फिंतासला परवा एका घरात गेलो होतो, तिथंही समुद्रामुळं..."

पुढची दहा मिनिटं विजयानं तांब्याचे पाइप आणि त्यांची निगा या विषयावर माहिती ऐकली. पाऊस थांबला. बाही कोपरापासून दूर गेली. तिला रडावं की हसावं ते कळेना, म्हणून ती हसली.

असे सात शुक्रवार गेले. आणि मिरजेहून बाबांचं पत्र आलं.

सांगलीचं स्थळ होतं. मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, माणसं सज्जन. 'महिनाअखेरपर्यंत ते थांबतील,' बाबांनी लिहिलं होतं. 'आपला प्रभाकर रजेवर इकडे येतो आहे. त्याच्या हाती उत्तर पाठव. हो की नाही, ते तुझ्यावर सोपवतो.' प्रभाकरभाऊ मराठी मंडळाचे सेक्रेटरी आणि मूळचे मिरजेचेच. कुवेतमध्ये तेव्हा कुणी गावी निघालं की अर्धी वस्ती त्याच्या हाती पत्रं देई. टपालाला दोन-तीन आठवडे लागायचे, माणूस दुसऱ्या दिवशी पोचायचा.

प्रभाकरभाऊंचं विमान शुक्रवारी रात्रीचं होतं, आणि नेमकी त्याच शुक्रवारी मंडळाची समुद्रकाठच्या खैरानला सहल होती. दुपारी तीनला ते सहलीतूनच निघणार होते. विजयानं आदल्या दिवशी पत्र लिहिलं. 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा,' असं त्यात होतं. लग्नाच्या पत्रव्यवहारात या वाक्याचा अर्थ 'हो' असाच होतो, हे तिला ठाऊक होतं. पत्र तिनं पर्समध्ये ठेवलं. सकाळच्या बसमध्ये लक्ष्मीकांत शेजारी येऊन बसला, तेव्हा तिनं सरळच सांगितलं.

"मला स्थळ आलंय. सांगलीचे प्राध्यापक आहेत. आज उत्तर द्यायचंय. प्रभाकरभाऊंकडे."

लक्ष्मीकांतचा चेहरा पांढरा पडला. "आज?"

"तीन वाजेपर्यंत."

"चांगलं आहे... म्हणजे... प्राध्यापक म्हणजे..." बस दक्षिणेकडे धावत होती, दोन्ही बाजूंना नुसती वाळू. विजया वाट बघत होती. एक वाक्य, एवढंच तिला हवं होतं. "या बसचा कॉम्प्रेसर ऐकलात?" तो म्हणाला. "आवाज येतोय बघा. बेअरिंग गेलंय."

विजया खिडकीकडे वळली. खैरानला उतरल्या उतरल्या ती प्रभाकरभाऊंकडे गेली आणि त्यांच्या निळ्या रेक्झिनच्या पिशवीत तिनं आपलं पत्र टाकलं. लक्ष्मीकांत दहा पावलांवर गिटार घेऊन उभा होता. त्यानं ते पाहिलं.

कार्यक्रम एक वाजता सुरू झाला. समुद्राला पाठ करून मांडव घातला होता, मागं जनरेटर घुरघुरत होता. लहान मुलांची नाच-गाणी झाली, एक नाट्यछटा झाली. "आता आपल्यापुढे दहा मिनिटं आधुनिक संगीत सादर होईल," प्रभाकरभाऊंनी जाहीर केलं आणि 'दहा'वर जोर दिला. पलीकडे पुलाव दमावर होता.

सुरुवात ठीक झाली. लक्ष्मीकांतनं दोन कडवी म्हटली, मंडळींनी सभ्यपणे टाळ्या धरल्या. मग शब्द सुटले आणि चौघं वाजवत निघाले. पाचव्या मिनिटाला विजयाला वाटलं, आता परत फिरावं. पण परत फिरायचं तर त्या माणसाकडे बघायला हवं होतं. मी बघणार नाही, तिनं ठरवलं. आज त्यानं बघावं! तिनं मान खाली घातली आणि पट्ट्यांवर डोळे खिळवले.

तिकडे लक्ष्मीकांतही गिटारीच्या दांड्याकडे बघत होता. त्यानंही मान वर केली नाही.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वाऱ्यानं बारीक वाळू येऊन पट्ट्यांच्या फटींत बसू लागली. रागानं विजया आजवर कधी वाजवलं नव्हतं इतकं जोरकस वाजवत होती. गिटार जवळ आली की ती लांब जायची. ती थांबली की गिटार विनवणी केल्यासारखी मागं यायची. मंडळींना यातलं काय कळणार? त्यांना वाटलं, काय तयारी आहे पोरांची! पहिल्या रांगेतले एक डॉक्टर तर डोळे मिटून मान डोलवू लागले. विसाव्या मिनिटाला प्रभाकरभाऊंनी घड्याळ दाखवलं. पंचविसाव्याला त्यांनी दोन्ही हात हलवले. दोघांच्याही माना खालीच होत्या, त्यामुळं ते हातवारे फक्त हमीद आणि शत्रुघ्नला दिसले, आणि त्या बिचाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला राग संपला. विजयाला एकदम जाणवलं की आपण रडतोय आणि वाजवतोय. हे संपलं की जेवण, मग तीन वाजणार, मग ती निळी पिशवी गाडीत बसून निघून जाणार. पुढच्या शुक्रवारी गोदामात जायला काही अर्थ नाही. माझं या माणसावर प्रेम आहे, ती मनाशी म्हणाली, आणि हा मूर्ख मला बेअरिंगबद्दल सांगतो. संपू नये म्हणून ती वाजवत राहिली. समोरून गिटारही तशीच, जाऊ नको, जाऊ नको म्हणत राहिली.

सदतिसाव्या मिनिटाला हमीदचा धीर सुटला.

"आरं बगा रं एकामेकाकडं!" तो ड्रमवरून ओरडला. "माजे हात गेले!"

दोघांनी एकदमच मान वर केली. लक्ष्मीकांतचे डोळे लाल झाले होते. तिचे तर वाहतच होते. कुणी गाणं धरलं, कसं धरलं, ते तिला आठवत नाही, पण ते संपलं. मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यातल्या काही पुलावासाठी होत्या.

मांडवामागं जनरेटरपाशी तो तिच्या मागोमाग आला.

"तुम्ही का नाही बघितलं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही का नाही बघितलं?"

"मी बघितलं असतं तर संपलं असतं. आणि संपलं असतं तर तुम्ही..." तो थांबला. त्याची नजर जनरेटरकडे वळू लागली.

"जनरेटरबद्दल एक अक्षर बोललात तर याद राखा!"

"नाही बोलत." त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "विजया, ते पत्र जाऊ देऊ नकोस. माझ्याशी लग्न कर."

वारा, समुद्र, घुरघुर... विजयानं सरळ त्याच्याकडे बघितलं. "एवढंच होतं?"

"एवढंच. गेले सात शुक्रवार मी खरं म्हणजे..."

"पुरे. छान संपवलंत, आता पुढं वाजवू नका."

आणि ती पळत सुटली. प्रभाकरभाऊ ताट हातात घेऊन गाडीपाशीच जेवत होते. पत्र परत हवंय म्हटल्यावर त्यांचा घास अडला. त्यांनी आधी विजयाकडे, मग तिच्या मागून धापा टाकत आलेल्या लक्ष्मीकांतकडे पाहिलं.

"परत घे," ते म्हणाले. "पण मास्तरांसमोर मी रिकाम्या हातानं उभा राहणार नाही, सांगून ठेवतो. तीन वाजेपर्यंत दुसरं उत्तर दे. नाहीतर हेच नेतो."

तीनला दहा मिनिटं कमी होती. रहिमानं कुठूनसा कागद आणला. गाडीच्या बॉनेटवर तो पसरून विजयानं भराभरा लिहिलं, 'बाबा, या स्थळाला कृपा करून नाही म्हणा. कारण खाली लिहिलं आहे.' मग तिनं पेन लक्ष्मीकांतच्या हातात दिलं.

"कारण लिहा. पाच ओळींत. सहावी ओळ मी फाडून टाकेन."

त्याला घाम फुटला. हमीद पुलाव खात खात खांद्यावरून डोकावू लागला. शत्रुघ्नही आला. लक्ष्मीकांतनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

'ती. बाबांस, सा. न. वि. वि. मी लक्ष्मीकांत सामंत, मु. पो. आचरे. कुवेतला एसी दुरुस्त करतो, पगार पुरेसा आहे. विजयावर माझं फार प्रेम आहे. तिचंही माझ्यावर आहे, असं ती आत्ताच म्हणाली. मार्चमध्ये आपल्याला भेटायला मिरजेला येतो.'

विजयानं ते दोनदा वाचलं. "मी कधी म्हणाले?"

"म्हणाली नाहीस," लक्ष्मीकांत म्हणाला. "मग आता म्हण. पत्रात खोटं जायला नको."

प्रभाकरभाऊंनी घड्याळ पाहिलं. हमीदनं चावणं थांबवलं. वाऱ्यानं कागद उडू पाहत होता, त्याचं एक टोक तिनं धरलं होतं आणि दुसरं त्यानं.

"आहे," विजया म्हणाली. "खूप आहे. आता दे ते त्यांच्याकडे, विमान चुकेल त्यांचं."